डावीकडची पट्टी

यशोधरा गेली त्याला आता लई वर्षं झाली. तरी घरात कुनी सहज जरी म्हनलं, "जरा डावीकडं सरक," की सम्राट उठून भायेर जातो. तिचा थोरला भाऊ हा. टेम्पो चालवायचा. टेम्पोवाल्याला डावं-उजवं बघितल्याबिगर भागत न्हाई, पन सख्ख्या बहिनीची डावी बाजू अंधारत चालली ती त्याला दिसली न्हाई. त्यालाच कशाला, तिला सोताला दिसली न्हाई. तिथंच तर सगळा घात झाला.

मानसं खर्डा गावची. बाप आसाराम गवंडी. आई भागिरथी त्याच्याच हाताखाली गारा कालवायची. लेकरं दोन. सम्राटनं आठवीत शाळा सोडली आन गाडीवर किन्नर, म्हंजे क्लीनर म्हनून गेला. यशोधरा शिकत ऱ्हायली. बारावी झाली, नगरला कॉम्प्युटरचा क्लास केला, आन दिल्लीगेटच्या अलीकडं आबासाहेबांच्या छापखान्यात लागली. सम्राटला एमआयडीसीत टेम्पो मिळाला. मग सिद्धार्थनगरात खोली घेतली, भाकरी थापायला आई संगं आली, आन बाप, आप्पा, ऱ्हायला गावाकडं.

छापखान्यात लग्नपत्रिका, उद्घाटनाची कार्डं, दुकानाची बिलबुकं, असलं काम. माधुरी म्हनून एक पोरगी टायपिंग करायची, यशोधरा डिझाईन. कुठल्या कोपऱ्यात गनपती बसवायचा आन कुठं बुद्ध, हे तिला सांगावं लागत नसं. आबासाहेब तिला "बाईसाहेब" म्हनायचे. चेष्टेनं म्हनायचे, पन तिच्या कामात हात घालायचे न्हाईत.

आबासाहेबांचा लेक पंकज अमेरिकेला गेल्ता. त्यानं तिकडनं बापाच्या डोक्यात भरवलं, की नगर जिल्ह्यातली जी मानसं परदेशात हायत त्यांना दर महिन्याला ईमेलवर गावाकडची खबर धाडा. नुसती अक्षरं न्हाई, पेपरावानी. रंग, फोटो, चौकटी. एचटीएमएल म्हनत्यात त्याला. अठ्ठ्यान्नव साल हुतं ते. नगरात हे येतंय कुनाला? आबासाहेबांनी माधुरीकडं बघितलं. माधुरीनं यशोधराकडं बघितलं.

"बघती करून," यशोधरा म्हनली.

शिकवायला कुनी न्हाई. फोन पुण्याला लागायचा तवा कुठं इंटरनेट चालू व्हायचं, आन मधीच तुटायचं. त्यात ती परदेशातली पानं उघडायची आन त्यांच्या आतलं कोड काढून बघायची. छापून घरी आनायची. भाकरी खाता खाता वाचायची. सम्राट इचारायचा, "काय गं, मंत्र हायत का काय?"

"दादा, हे गवंडीकाम हाय बघ," ती म्हनायची. "आप्पा करतोय तेच. आदी टेबल मांडायचं, म्हंजे पाया. मग वळी, वळीत खाने, खान्यात इटा. एक खाना बंद करायचा ऱ्हायला की आक्की भिंत कलंडती."

"मग आप्पालाच बलाव की नगरला."

"आप्पाला सिमेंट न्हाई दिलं तर चालंल का? हितं तर सिमेंटच न्हाई, नुसती हवा."

मराठी अक्षरं तिकडच्या मशिनीत उमटत नसायची, नुसते चौकोन आन प्रश्नचिन्हं दिसायची. म्हनून माधुरीनं टाईप केलेला मजकूर यशोधरा फोटोसारखा चित्र करून त्या खान्यात बसवायची. त्यातनं भानगड अशी, की टपाल उघडायचे प्रोग्राम येगळे येगळे. एकात पान झकास दिसायचं, दुसऱ्यात तेच पान वाकडं. कुठं चित्राच्या जागी लाल फुली, कुठं दोन खान्यात फट. सुरवातीला यशोधरा रडकुंडीला यायची. मग सवय झाली. छापखान्यात बोलायची रीतच पडली. काय बी वाकडं दिसलं की म्हनायचं, "त्यांचा प्रोग्राम तसा असंल." आबासाहेबांच्या चहात साखर कमी पडली तरी माधुरी म्हनायची, "साखर घातलीय आबासाहेब, तुमचा प्रोग्राम तसा असंल."

ह्या हसन्यातच पुढं एक मानूस गेलं.

खबरीचं पान असं हुतं. वर नाव, 'गावाकडची खबर'. उजवीकडं रुंद जागा, तिथं बातम्या. अकोले तालुक्यात भात कसा हाय, भंडारदरा भरलं का, शिंगनापूरला अवसंला किती गर्दी झाली. आन डावीकडं एक अरुंद पट्टी, काळ्या चौकटीची. तिच्यात त्या महिन्यात वारलेल्यांची नावं. ही पट्टी आबासाहेबांची आयडिया.

"परदेशातला मानूस बातम्या नंतर वाचतोय," ते म्हनले, "आदी बघतोय कोन गेलं."

खरं हुतं ते. लोक त्या पट्टीसाठीच खबर उघडायचे. गावोगावचे नातेवाईक छापखान्यात फोन करून नावं लिहून द्यायचे, की आमचा पोरगा दुबईला हाय, त्याच्या दोस्ताला कळू द्या.

काम करायची यशोधराची एक पद्धत हुती. नवं पान कवाच नव्यानं बांधायची न्हाई. मागच्या महिन्याची फाईल उघडायची, नव्या महिन्याच्या नावानं ठेवायची, आन पडद्यावरचं पान बघत एक एक खाना घिऊन जुनं काढून नवं भरायची. सगळे खाने बदलले की झालं. वरीसभर असंच चाललं. एक खाना कवा चुकला न्हाई. अमेरिकेतनं पंकजनं बापाला लिहिलं, हितल्या कंपन्यांची पत्रं असली सरळ नसत्यात. आबासाहेबांनी ते वाचून दाखवलं तवा यशोधरा लाजली आन माधुरीला म्हनली, "बघ, आता तुला चहा मला द्यावा लागंल."

नव्यान्नवच्या उन्हाळ्यात तिचं डोकं दुखाय लागलं.

सकाळी उठल्या उठल्या दुखायचं. कवा उलटी व्हायची. आई म्हनली पित्त हाय. सम्राट म्हनला दिवसभर काचंत बघून दुसरं काय व्हनार, चष्मा लागला असंल. तिनं गोळी घेतली, पानी प्याली, गेली कामाला. मग बारक्या बारक्या गोष्टी व्हाय लागल्या. दारातनं जाताना तिचा डावा खांदा चौकटीला धडकायचा. वढनी डाव्या अंगानं लोळत ऱ्हायची, तिला पत्ता नसायचा. एकदा दिल्लीगेटला डावीकडनं रिक्षा आली ती अंगाला घासून गेली. रिक्षावाला शिव्या देत थांबला.

"आंधळी हाईस का गं?"

"तूच आंधळा! हारन वाजवाय काय झालं?" यशोधरा त्याच्या वरताण वरडली. हारन त्यानं दोनदा वाजवलं हुतं. मागं सम्राट टेम्पोत हुता, त्यानं ऐकलं हुतं. त्याला वाटलं, पोरगी ईचारात असंल.

आईला येगळंच दिसत हुतं. भागिरथीबाई ताट वाढायची ती रीतीनं, गरिबाचं ताट असलं तरी. डाव्या अंगाला मीठ, चटनी, कांदा. उजव्या अंगाला कालवन. यशोधरा कालवन-भाकरी खायची आन उठायची. चटनी तशीच. कांदा तसाच.

"आगं चटनी का खाईनास? काल तर पाट्यावर वाटलीय."

"चटनी वाढलीस कुठं?"

"ही काय गं भवाने, ताटात!"

यशोधरानं ताट फिरवलं. चटनी दिसली. "आत्ता वाढली व्हय," म्हनून हसली आन खाल्ली. आई बी हसली. पन तिच्या हसन्यात जोर नव्हता. ती ताटाकडं लई येळ बघत बसली. त्या दिसापासनं तिला झोप नीट लागंना. इचारलं तर म्हनायची, "काय न्हाई रं."

आन छापखान्यात पट्टी आडकली.

सुरवात बारकी झाली. श्रावनाची खबर गेली, तर पट्टीच्या वरचा महिना मागचाच ऱ्हायला. कुनाच्या ध्यानात आलं न्हाई. भादव्यात आक्की पट्टीच जुनी गेली. बातम्या भादव्याच्या, मेलेली मानसं श्रावनातली. परदेशातनं मेल यायला लागले, तुमच्या डावीकडं मागच्याच महिन्याची नावं हायत म्हनून. यशोधरानं आपल्या मशिनीवर पान उघडलं. बघितलं. माधुरीला म्हनली, "त्यांना जुनी पट्टी दिसती म्हनं. मला तर पट्टीच दिसंना."

"माझ्याकडं दिसती की," माधुरी आपल्या जाग्यावरनं म्हनली. "पन जुनीच हाय."

"म्हंजे तुझ्या मशिनीत जुनं चित्र साठून ऱ्हायलंय. त्यांच्या बी. मशिन एकदा आनलेलं चित्र जपून ठिवती, तेच परत दावती."

हे खोटं नव्हतं. असं व्हायचं त्या काळी, आन आज बी हुतंय. म्हनून तर सगळ्यांना पटलं. यशोधरानं परदेशातल्या मानसांना उत्तर लिहिलं, तुमचा प्रोग्राम बंद करून परत उघडा. बिचाऱ्यांनी बंद करून परत उघडला. मेलेली मानसं तिथंच.

अश्विनात बी तेच झालं. आता तीच नावं तिसऱ्यांदा गेली. आबासाहेब जरा देवभोळे. ते अस्वस्थ व्हाय लागले.

"मेलेल्याचं नाव सारखं सारखं घिऊ नये बाईसाहेब. ती मानसं रेंगाळत्यात."

"कोडमधी रेंगाळत्यात व्हय, आबासाहेब?"

"हसू नको. शनिवारी शिंगनापूरला जातो, तेल घालतो. तू पन चल."

"मी न्हाई यायची. आमी तेल भाजीत घालतो."

दुसऱ्या दिशी तिच्या मशिनीवर लिंबू-मिरची टांगलेली. डाव्या अंगाला. माधुरी तोंड दाबून हसत बसली, आता ती काय म्हनती ते बघाय. यशोधरा आली, बसली, काम करत ऱ्हायली. दुपार झाली तरी तिनं त्या लिंबाचा विषय काढला न्हाई. माधुरीला वाटलं राग आला असंल. माधुरी हसायची थांबली.

मग विजयमालाबाईंचा मेल आला. ही अकोल्याकडची बाई, परदेशात नर्स. तिचे वडील अश्विनात वारले. घरच्यांनी नाव दिलेलं, माधुरीनं टाईप केलेलं, यशोधरानं नव्या पट्टीचं चित्र करून ठेवलेलं. सगळं झालं हुतं. खान्यात तेवढी जुनीच पट्टी ऱ्हायली. बाईनं लिहिलं, माझ्या वडलांच्या जागी तुमी दुसऱ्याचेच मेलेले दाखवताय, माझा बाप काय मानसात नव्हता का?

आबासाहेब पहिल्यांदा यशोधरावर वरडले. "दिवाळीची खबर नीट गेली न्हाई तर बंद करून टाकतो सगळं! पत्रिका छापत बस!"

ती रडली न्हाई. खाली मान घालून म्हनली, "आज सापडवती. सापडल्याबिगर उठत न्हाई."

त्या दिशी सम्राट टेम्पो लवकर लावून तिला न्यायला आल्ता. आईनं धाडला हुता, पोरीला डोळ्याच्या डॉक्टरकडं घिऊन जा म्हनून. तो दारात स्टुलावर बसला. दुपारची उन्हं तिरपी झाल्ती. यशोधरा पडद्याला डोळं लावून बसलेली. टेबल कुठं तुटलंय ते हुडकायची तिची एक युक्ती हुती. ज्या खान्याचा संशय त्याला कोडमधी भडक रंग द्यायचा. रंग दिसला तर खाना जाग्यावर हाय, न्हाई दिसला तर भिंत तिथं फुटलीय.

"आता डावीकडच्या खान्याला लाल देती," ती म्हनली. "मग कळतंय चोर कुठाय ते."

टकटक केली. पान उघडलं.

"बघा," ती म्हनली. तिच्या आवाजात जिंकल्यावानी हुतं. "बघा, आला न्हाई लाल. खानाच उठत न्हाई. म्हनलं नव्हतं मी?"

माधुरीनं टायपिंग थांबवून मान वर केली.

पडद्याच्या डाव्या कडंला वरपासनं खालपर्यंत लालभडक पट्टा हुता. इतका लाल, की तिच्या डाव्या गालावर त्याचा उजेड पडल्ता. सम्राटला दारातनं दिसत हुता. माधुरीला दिसत हुता. आबासाहेब चष्मा वर करून बघत ऱ्हायले.

"यशे," माधुरी म्हनली, "चेष्टा करतीस का?"

"कसली चेष्टा?"

"आगं... हाय की लाल."

"कुठंय?"

सम्राट उठला. त्याला कॉम्प्युटरमधलं काय कळत नव्हतं. तो तिच्या मागं जाऊन हुबा ऱ्हायला आन त्यानं तिचं डोकं दोनी हातात धरलं, न्हान्या लेकराचं धरत्यात तसं, आन हळूच डावीकडं फिरवलं.

यशोधराला लाल दिसला. तिनं सोताच मान परत सरळ केली. लाल गेला. परत फिरवली. लाल आला. असं दोन-तीनदा केलं. मग तिथंच, मान वाकडी ठिवून, ती थांबली. पट्टीतली नावं वाचली. लिंबू-मिरची बघितली. "हे कवा लावलं?" म्हनून इचारलं.

"दादा," ती म्हनली, "कोड बरुबर हुतं."

डोळ्याच्या डॉक्टरनं दिवा लावून बघितलं. डोळे चांगले हायत म्हनला, आन तिला भायेर बसवून सम्राटला आत बलावलं. पुण्याला नेलं. डोक्याचा फोटो काढला. उजव्या अंगाला मागं गाठ.

"आवं पन डॉक्टरसाहेब, तिला दिसत न्हाई ते डावीकडचं," सम्राट म्हनला. त्याला आशा वाटली, की फोटो दुसऱ्या कुनाचा असंल.

डॉक्टरनं समजावलं. डाव्या अंगाचं बघायचं काम डोक्याची उजवी बाजू करती. नुसतं दिसत न्हाई असं न्हाई. डावी बाजू हाय हेच मानूस इसरतं, तिकडचा आवाज बी नीट ध्यानात येत न्हाई. म्हनून त्याला अंधार बी वाटत न्हाई. जेवढं दिसतंय तेवढंच जग, असं त्याला वाटतं.

ऑपरेशन झालं. निघाली तेवढी गाठ काढली. बाकीची खोल गेल्ती. आप्पा गावावरनं आला, दवाखान्याच्या भिंतीला हात लावून हुबा ऱ्हायला. भिंत चांगली बांधलीय म्हनला.

पौषात ती नगरला आली. डोक्याला रुमाल. आबासाहेब भेटाय आले. तिनंच इचारलं, "खबर कोन करतंय?"

"कोन करनार, बंद हाय."

"मी करती."

आईनं नको म्हनलं, सम्राटनं नको म्हनलं. तिनं ऐकलं न्हाई. सम्राट तिला टेम्पोनं छापखान्यात न्यायचा, धरून आत बसवायचा. ह्या येळी तिनं जुनी फाईल उघडली न्हाई. पैल्यापासनं नवं टेबल मांडलं. बातम्या डावीकडं सरकवल्या, आन काळ्या चौकटीची पट्टी उजवीकडं घेतली. बातम्या माधुरीकडनं तपासून घेतल्या. पट्टी सोता बघितली. विजयमालाबाईंच्या वडलांचं नाव सगळ्यात वर घातलं. एकेक नाव बोट लावून वाचलं. एक बी चूक नव्हती.

परदेशातनं मेल आले. नवीन डिझाईन लई छान हाय, असं बदलत ऱ्हावा, म्हनून. आबासाहेबांनी ते तिला वाचून दाखवले. वाचता वाचता चष्मा पुसाय लागले.

"वाचा की," ती म्हनली. "का तुमचा प्रोग्राम तसा हाय?"

हसली ती एकटीच.

तेवढीच एक खबर झाली. शिमग्याच्या पुढं तिचा डावा हात लुळा पडला, मग पाय. तिला खर्ड्याला जायचं हुतं, म्हनून नेली. पडवीत खाट टाकली. भावकीतली, शाळंतली, सगळी मानसं बघाय यायची. डाव्या अंगाला बसायची, बोलायची, रडायची. यशोधराला वाटायचं दारातच बोलत्यात. ती उजवीकडं बघत म्हनायची, "आत या की." मग सम्राट दारात हुबा ऱ्हायचा. जो येईल त्याला आदी सांगायचा, "उजव्या अंगानं जा. उजव्या अंगानं बसा." म्हाताऱ्या बायांना वाटायचं काय तरी भायेरचं हाय, म्हनून असं सांगतोय. काही तर तेवढ्यानंच माघारी गेल्या.

शेवटच्या दिशी सकाळधरनं सम्राट तिच्याजवळ बसून हुता. जागा नव्हती म्हनून डाव्या अंगाला बसल्ता. उजव्या अंगाला आई पानी पाजत हुती. सम्राटनं तिचा हात आपल्या हातात धरला हुता, डावा.

"आई," यशोधरा म्हनली, "दादा कुठंय गं?"

"हितंच हाय की बाळा. तुझा हात धरून बसलाय."

तिनं आपल्या उजव्या हाताकडं बघितलं. तो मोकळा हुता. मग तिनं आईकडं बघितलं, आई आपलं मन राखाय खोटं बोलती अशा नजरंनं.

"टेम्पो घिऊन गेला असंल," ती म्हनली. "येईल. त्याला म्हनावं सावकास ये."

सम्राटनं तिचा हात खाली ठिवला. उठला. खाटंच्या पायथ्यानं वळसा घालून उजव्या अंगाला आला आन आईच्या शेजारी टेकला.

यशोधराच्या तोंडावर हसू आलं.

"आलास व्हय," ती म्हनली. "कवाची वाट बघती."

"रस्त्यात गर्दी हुती गं," सम्राट म्हनला.